मालमोटारीच्या नाकापुढची जाळी



मी मुंबईत ठाकूरद्वारला राहतो. झावबावाडीजवळच्या एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. आयुष्यभर मोटार दुरुस्तीचे वर्ग घेतले, आता निवृत्त आहे. आमचा ठाकूरद्वार नाका म्हणजे काही मालमोटारींचे गाव नव्हे. इथे हातगाडी आणि टॅक्सी यांचीच एकमेकींना वाट देता देता पुरेवाट होते. पण भुयारी मेट्रोचे खोदकाम चालू होते त्या वर्षांत जमिनीखालची माती नेणारे डंपर आमच्या रस्त्यावर येऊन उभे राहत. गॅलरीतून खाली पाहिले की चालक दिसे. दोन्ही खिडक्या उघड्या, डोक्यावर ओला पंचा, आणि बसायला जागा कुठे, तर तापलेल्या इंजिनाच्या मांडीला मांडी लावून. 2025 सालच्या ऑक्टोबरात गिरगावचे भुयारी स्थानक सुरू झाले. आता आम्ही चाळकरी खाली उतरलो की गारेगार डब्यात बसतो. ज्यांनी ती माती वाहिली त्यांच्या डोक्यावरचा ओला पंचा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

योगायोग असा, की त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट घडली. 2023 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने नियम काढला होता, की 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मध्यम आणि अवजड मालमोटारीच्या चालककक्षात वातानुकूलन असलेच पाहिजे. माल धरून साडेतीन टनांवर वजन भरणाऱ्या सगळ्या मालगाड्या यात आल्या. म्हणजे येत्या काही वर्षांत तुमच्या गावातून ऊस, कांदा, कापूस नेणाऱ्या गाड्यांत हे यंत्र सर्रास दिसणार. आणि यंत्र आले की त्याची दुरुस्तीही आलीच. म्हणून आज त्या यंत्राच्या एका भागाविषयी बोलायचे आहे. त्याला कंडेन्सर म्हणतात. गाडीच्या नाकापुढे बसणारी ती एक जाळी असते.

प्रथम हे यंत्र गारवा आणते तरी कसा, ते पाहू. शाळेतल्या गुरुजींना हे वर्गात सहज दाखवता येईल. मुलाच्या मनगटावर स्पिरिटचा एक थेंब टाका. थेंब उडून जातो आणि तेवढी जागा गार लागते. पातळ पदार्थाची वाफ व्हायची तर त्याला उष्णता लागते, ती तो हाताची घेतो. आपला माठही हेच करतो. उलट, हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरून झाल्यावर पंपाचा तळ हाताला चटका देतो, तो त्यामुळेच. आता तिसरी गोष्ट. थंड पाण्याचा तांब्या पावसाळी दिवसांत बाहेरून ओला होतो. हवेतली वाफ गार भांड्याला लागून तिचे पुन्हा पाणी होते, आणि होताना ती आपली उष्णता त्या भांड्याला देऊन टाकते.

एवढ्या तीन गोष्टी कळल्या की सगळे यंत्र कळले. नळ्यांत एक वायू कोंडलेला असतो. सध्या बहुतेक मोटारगाड्यांत जो असतो त्याला आर 134 ए म्हणतात. साध्या हवेच्या दाबाखाली तो शून्याखाली 26 अंशांवरच उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, म्हणजे आपला सायकलचा पंप. दाबलेला तापलेला वायू पुढच्या जाळीत येतो, तोच आपला कंडेन्सर. तिथे बाहेरची हवा त्याची उष्णता काढून घेते आणि वायूचे पाणी होते, तांब्यावरच्या दवासारखे. पुढे हे पाणी ओल टिपणाऱ्या डब्यातून जाते, एका बारीक झडपेतून सुटते, आणि चालककक्षातल्या दुसऱ्या जाळीत त्याची पुन्हा वाफ होते. तिथे ते कक्षातल्या हवेची उष्णता घेते, स्पिरिटच्या थेंबासारखे. मग वाफ परत पंपाकडे.

तेव्हा गारवा हे यंत्र कुठून निर्माण करते, असे कुणी विचारले तर सांगावे की ते काही निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. आणि टाकण्याचे दार म्हणजे ही पुढची जाळी. दार बंद झाले, की घरातला केर घरातच.

आता हकिकत सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ तो दुरुस्तीचे काम करतो. "मास्तर, एक गाडी आलीय. तुम्ही जरा बघून जा." मी बसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले, तिथून हार्बरची लोकल धरली, आणि वडाळ्याला पोचलो. बीड जिल्ह्यातला एक चालक होता. चाळिशीचा, अंगाने सडपातळ. दहा चाकी गाडी. नियमाच्या आधी तयार झालेली, पण कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून आलेली. तो म्हणाला, "मास्तर, पंखा तर फिरतोय, पर हवा निस्ती भट्टीची. दोनदा ग्यास भरला. आठ दिस गार, नवव्या दिशी हाये तसंच."

मी विचारले, "मग खिडक्या उघडून चालवत होतास?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की कसाऱ्याच्या अलीकडे भर दुपारी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढची गाडी दोन दिसायला लागली. कशीबशी कडेला घेतली, चाकाला दगड लावला आणि सावलीत तासभर पडून राहिला. माल पोचायला उशीर झाला म्हणून भाड्यातून पैसे कापले. गॅसचे दोन्ही वेळचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरलेले. मालकाचे म्हणणे, एसी ही चैन आहे, ज्याला पाहिजे त्याने खर्च करावा. आता पंचवीस टन वजन घेऊन उतरणाऱ्या गाडीच्या चालकाला अंधारी येणे यात चैनीचा प्रश्न कुठे आला, हे मला तरी उमगले नाही. पण त्या मालकाशी फोनवर भांडत बसण्यापेक्षा आधी दुखणे शोधावे, असे ठरवले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा वायू डिझेलसारखा जळून संपत नाही. तोच तो फिरत राहतो. तेव्हा तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळला. गळती न शोधता नुसता वायू भरणे म्हणजे भोके पडलेल्या घागरीत पाणी ओतत राहणे. आणि दोन्ही ठिकाणी तेच केले गेले होते.

गाडीची पुढची झडप वर केली. जाळी धुळीने इतकी भरली होती की मागचा रेडिएटर दिसेना. मऊ ब्रशने आणि कमी जोराच्या पाण्याने धुतली. जोराचा फवारा मारू नये, जाळीची पाती कागदासारखी पातळ असतात, दुमडतात आणि मग वाऱ्याची वाटच बंद होते. धुतल्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा काळा, तेलकट डाग दिसला. पंपाला लागणारे तेल या वायूबरोबरच फिरत असते. वायू निसटला की तो दिसत नाही, तेल मात्र मागे राहते, आणि त्यावर धूळ बसते. असा डाग ही चोराच्या पावलांची खूण समजावी. साबणाचा फेस लावला, तर बारीक बुडबुडे आले. नळीला केसाएवढी चीर.

दगड लागून भोक पडते, ते निराळे. ही चीर कशाने पडली? जाळी ज्या कानांवर बसते तिथे रबराच्या गाद्या असतात. डावीकडची गादी नव्हतीच. कुणीतरी कधीतरी ती हरवली आणि तिच्या जागी लोखंडी तारेचे चार वेढे घालून काम भागवले. अॅल्युमिनियम मऊ, तार कठीण, आणि गाडी दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर हादरे खाणार. तारेने नळी करवतीसारखी कापत आणली होती. हे पाहिले नसते तर नवी जाळीही वर्षभरात अशीच गेली असती. चालकाने ती तार हातात घेतली, बराच वेळ उलटीपालटी केली, आणि खिशात घातली. कशाला, ते मी विचारले नाही.

मालकाने फोनवर सुचवले, "त्याच्यावर एम-सील लावून द्या की." आता, या जाळीत भर उन्हात दाब चढतो तो चौरस सेंटिमीटरला 15-16 किलोपर्यंत. मालमोटारीच्या टायरात जेवढी हवा असते त्याच्या जवळजवळ दुप्पट. वर उष्णता, वर हादरे. लेपाने ते थोपत नाही. आणि हल्लीच्या जाळीच्या चपट्या नळ्यांत आत सुईच्या नेढ्यासारखे कित्येक मार्ग असतात, डाग देता देता तेच बुजतात. जाळी बदलायचीच, असे सांगितले. मी त्यांना एवढेच विचारले, की गाडीचा ब्रेक गळत असता तर त्याचे पैसे चालकाकडून घेतले असते का? पलीकडून उत्तर आले नाही. थोड्या वेळाने माझ्या विद्यार्थ्याच्या नावावर पैसे आले, एवढे खरे.

नवी जाळी मी आणली ती ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत तिथून. ठाकूरद्वाराहून प्रार्थनासमाजावरून चालत पाऊण तासात जाऊन येता येते. पण घाईत पहिल्यांदा चुकीची आणली. लांबीरुंदी बरोबर, नळ्यांची तोंडे मात्र दुसऱ्या अंगाला. दुकानदाराने बदलून दिली, चहाही पाजला. खेड्यातून कुणी असा भाग मागवणार असेल तर गाडीचे नुसते नाव सांगून भागत नाही. चासीचा क्रमांक द्यावा आणि जुन्या जाळीची चारी बाजूंनी छायाचित्रे पाठवावीत. दुसरे असे, की नव्या जाळीच्या तोंडांवर बुचे असतात ती अगदी जोडण्याच्या क्षणापर्यंत काढू नयेत. आमच्या मुंबईची हवा म्हणजे ओला टॉवेल. आत ओल शिरली की ती झडपेत बर्फ होऊन बसते आणि तेलाचे आम्ल बनवते.

मग काम सुरू झाले. इंजिन थंड केले, बॅटरीची ऋण तार सोडली. उरलासुरला वायू यंत्राने टाकीत ओढून घेतला. हे वाक्य मी सहज बोललो खरे, पण इथे थांबून एक कबुली दिली पाहिजे. तरुणपणी आम्ही असे काही करीत नव्हतो. नळी सोडायची, फुस्स आवाज व्हायचा, पोरे हसायची, काम सुरू. तेव्हाचा वायू आर 12. पृथ्वीभोवती ओझोनचे जे छत्र आहे त्याला तो कुरतडतो, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. 1987 साली माँट्रियल इथे जगातली राष्ट्रे जमली आणि असले वायू बंद करण्याचा करार झाला. भारत 1992 साली त्यात सामील झाला. त्या जागी आलेला आर 134 ए ओझोनला खात नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायॉक्साइडपेक्षा वजनास वजन सुमारे 1,400 पट जहाल. गाडीतला 700 ग्रॅम वायू मोकळा सोडला, तर साडेतीनशे लिटरहून अधिक डिझेल जाळल्याएवढा ताप. म्हणूनच 2016 च्या किगाली करारात हेही वायू हळूहळू कमी करायचे ठरले, आणि भारताने 2021 साली त्यावर शिक्कामोर्तब केले. मी माझ्या उमेदीच्या काळात किती किलो वायू ठाकूरद्वाराच्या आभाळात सोडला असेल, याचा हिशेब करायला बसलो होतो एकदा. पाटी अर्धी ठेवून उठलो.

असो. नळ्यांचे सांधे सोडताना दोन पाने लागतात. एकाने नळी धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला की अॅल्युमिनियमची नळी पिळवटते आणि शंभराचे काम हजारावर जाते. हातमोजे आणि चष्मा घालावा. हा वायू पातळ स्वरूपात अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळाच जातो. आणि जवळ विडी पेटवू नये. ज्योतीवर या वायूचा विषारी धूर होतो.

जुनी जाळी काढली. ओल टिपणारा डबाही बदलला. यंत्र उघडले की हा डबा बदलायचाच, तो आतापर्यंतच्या गळतीत ओल पिऊन तट्ट झालेला असतो. नव्या जाळीत कंपनीच्या पुस्तकात दिले असेल तेवढेच, तेही त्याच जातीचे तेल घातले. दोन्ही कानांना नव्या रबरी गाद्या. जाळीच्या कडेने स्पंजाची पट्टी असते, ती बहुतेक जण फेकून देतात. तिचे काम असे, की वारा जाळीतूनच जावा, बाजूच्या फटीतून इंजिनाची गरम हवा फिरून पुढे येऊ नये. ती नवी चिकटवली.

सांध्यांत रबराची बारीक कडी असते. तिला तेलाचे बोट लावून बसवायचे. हे काम मी हौसेने माझ्याकडे घेतले, विद्यार्थ्याला म्हणालो, "तू बाजूला हो, मी बसवतो." नट आवळले. मग नायट्रोजन वायू भरून दाब दिला. इथे हवेचा पंप वापरू नये, आणि ऑक्सिजनचे सिलिंडर तर चुकूनही जोडू नये, तेल आणि दाबलेला ऑक्सिजन यांचा स्फोट होतो. दाब दिला आणि फेस लावला, तो वरच्या सांध्यावर बुडबुडे! सगळे माझ्याकडे पाहू लागले. सांधा पुन्हा उघडला. जुनी कडी खाचेतच राहिली होती, मळाने इतकी काळी की धातूच वाटावी. तिच्यावर मी नवी चढवली होती. चष्मा खिशात होता. विद्यार्थी काही बोलला नाही. नखाने ती कडी काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली, एवढेच. वर्गात याच चुकीसाठी मी याच पोराला अर्धा तास उभे केले होते, ते त्यालाही आठवत असणार.

दुसऱ्या खेपेस दाब टिकला. मग नायट्रोजन सोडून निर्वात पंप लावला. पाऊण तास. आतली हवा तर निघतेच, पण दाब इतका उतरतो की उरलेल्या ओलीची साध्या तपमानालाच वाफ होऊन तीही निघून जाते. पंप बंद करून वीस मिनिटे काटा पाहत बसलो. काटा हलला नाही. मग वायू भरला, तो तराजूवर तोलून. किती भरायचा ते गाडीच्या पुढच्या भागात चिकटवलेल्या पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. "अजून थोडा टाका, जास्त गार होईल" असे गिऱ्हाईक म्हणते, पण ते खरे नाही. जास्त भरला तर जाळीत पाणी साचते, वाफेला जागा उरत नाही, दाब चढतो आणि गारवा उलट घटतो. बाजारात स्वस्त भेसळीचे डबेही मिळतात. त्यात पेट घेणारा वायू मिसळलेला असू शकतो. इंजिनाजवळ, चालकाच्या पायाशी असला वायू खेळवणे म्हणजे चुलीशेजारी रॉकेलची कळशी उघडी ठेवणे. सीलबंद, खात्रीचाच घ्यावा.

जाता जाता परीक्षेची एक सोपी खूण सांगून ठेवतो. गाडी धावताना गार हवा येते आणि उभी राहिली की गरम, असे होत असेल तर वायूला दोष देण्याआधी जाळी धुऊन पाहावी आणि इंजिनाचा पंखा पाहावा. पुष्कळदा एक बादली पाण्यात काम भागते.

संध्याकाळ झाली होती. इंजिन चालू करून चालकाला वर बसवले. कक्षात आमचा जुना पाऱ्याचा तापमापक लटकवला होता, 39 अंश. हवेच्या तोंडाशी दुसरा धरला. दहा मिनिटांत तो 10 वर उतरला. चालकाने दोन्ही खिडक्या वर केल्या. आम्हाला बाहेरून त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज ऐकू येत नव्हता. मग त्याने काच थोडी खाली करून सांगितले, "मास्तर, घरी फोन लावतोय. ही म्हणत हुती, गाडी सोड. सांगतो तिला."

जुनी जाळी भंगारवाला किलोवर घेऊन जातो. मी ती मागून घेतली. करवतीने आडवा काप घेऊन वीतभर तुकडा काढला. चपट्या नळीच्या आतले ते बारीक मार्ग आता उघड दिसतात, आणि तारेने पाडलेली चीरही. तो तुकडा ठाकूरद्वारच्या माझ्या खिडकीत आहे. चाळीतली पोरे येतात, त्यातून पलीकडे उजेड दिसतो का, ते डोळा लावून पाहतात. गावोगावच्या गुरुजींनी तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात विचारले, तर असा तुकडा सहज मिळेल. कडा कानसून मुलांच्या हातात द्या, बोट कापू नये म्हणून.